चौक, चित्र आणि अवतरण

वारली चित्रांविषयीची चर्चा बहुधा दोन भूमिकांभोवती फिरते. भिंतीवरून कागदावर येताना या चित्रांनी आपले विधिगत पावित्र्य गमावले, देवतेच्या जागी गिऱ्हाईक आले आणि जे एका जमातीच्या जीवनाचे अंग होते ते शहरातील दिवाणखान्याची शोभा झाले, ही एक भूमिका. कागदामुळे पिढ्यान् पिढ्या अनाम राहिलेल्या हातांना नाव मिळाले, दारिद्र्याने पिचलेल्या घरांत चार पैसे आले आणि आदिवासी माणूस नागर कलाव्यवहारात कलावंत म्हणून उभा राहिला, ही दुसरी. पहिली भूमिका ऱ्हासाची कथा सांगते, दुसरी उद्धाराची. दोन्हींमागील नैतिक आस्था खरी आहे. परंतु दोन्ही कथांमध्ये एक गृहीतक न तपासता स्वीकारलेले असते. भिंतीवर जे होते तेच कागदावर आले, बदलला तो केवळ त्याचा पृष्ठभाग आणि त्याचे मोल, असे दोन्ही बाजू धरून चालतात. हे गृहीतक टिकते का, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा आहे आणि त्याचा विचार केल्याखेरीज नैतिक प्रश्नाला हात घालता येत नाही. चित्र कोणाचे हे ठरवण्यापूर्वी ते काय आहे हे ठरवावे लागते.

डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या तालुक्यांत, म्हणजे पूर्वीच्या ठाणे आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात, वारल्यांच्या घरी लग्नाच्या वेळी आतल्या भिंतीवर चौक काढला जातो. कारवीच्या कुडावर माती आणि शेणाचा लेप, त्यावर गेरूचा हात. मग तांदूळ वाटून केलेला पांढरा रंग आणि बांबूची काडी चावून केलेला कुंचला. चौकटीला नक्षीच्या अनेक पट्ट्या असतात. आत पालघट, म्हणजे विवाहाची, वनस्पतींची आणि प्रजननाची देवी. सोबत सूर्य, चंद्र, फणी, शिडी. शेजारच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या देव, घोड्यासह. चौकाबाहेर झाडे, माणसे, नाच यांच्या आकृती येतात. परंतु केंद्र चौकच. तो काढणाऱ्या स्त्रिया सवाशिणी असतात, काम सामुदायिक असते आणि धवलेरी गीते म्हणत असते. पालघटेचा चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न लागल्यानंतर मात्र चौक जपून ठेवण्याचे कारण उरत नाही. चुलीच्या धुराने तो काळवंडतो, पावसाळ्यात भिंतीला ओल येते, आणि पुढच्या सारवणात तो जातो.

‘लग्न लागत नाही’ हे शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचे आहेत. चौक हे लग्नाचे चित्र नाही आणि लग्नघराची सजावटही नाही. लग्न ज्या कृतींनी सिद्ध होते त्यांपैकी ती एक कृती आहे. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत उच्चारांच्या एका वर्गाकडे लक्ष वेधले होते. जहाजाचे नामकरण करणारा, पैज लावणारा, विवाहविधीत संमती देणारा माणूस जे बोलतो त्यात तो जगातील एखाद्या वस्तुस्थितीचे वर्णन करीत नसतो. बोलण्यातूनच तो काही करीत असतो. असा उच्चार खरा किंवा खोटा नसतो. तो सिद्ध होतो किंवा असिद्ध राहतो. सिद्ध होण्यासाठी काही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात: विहित पद्धत असावी, योग्य व्यक्तीने ती योग्य प्रसंगी अनुसरावी, आणि ती पूर्णपणे पार पाडावी. ऑस्टिन यांचा विचार भाषेपुरता होता. पण चौकाला तो सहज लागू पडतो. विहित घाट, विहित प्रसंग, विहित व्यक्ती आणि पूर्णतेची अट, हे सारे येथे आहे. चौक हा रेषांनी केलेला कृतिरूप उच्चार आहे.

पूर्णतेच्या अटीचे याहून स्पष्ट रूप गुजरातेत छोटा उदेपूर भागातील राठवांच्या पिठोऱ्यात पाहावयास मिळते. तेथे काढणारे पुरुष असतात आणि त्यांना ‘लखारा’, म्हणजे लिहिणारा, असे म्हणतात. पिठोरा पूर्ण झाला की बडवा अंगात आलेल्या अवस्थेत भिंतीसमोर उभा राहून देव, घोडे आणि इतर आकृती तपासतो. काही राहून गेले असेल तर ते भरून काढावे लागते. ही जी परीक्षा होते ती मजकुराची असते, रूपाची नसते. घोडा डौलदार आहे का, असे बडवा विचारत नाही; घोडा आहे का, असे विचारतो.

मराठी सौंदर्यविचाराला असा प्रकार अडचणीत टाकतो. मर्ढेकरांच्या संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे चौकाच्या चौकटीचे विवेचन करायला घेतले तर ते अतिशय समाधानकारक होईल, आणि हे समाधानच फसवे आहे. पट्ट्यांची पुनरावृत्ती, त्रिकोणांचा परस्परांना दिलेला छेद, रिकाम्या आणि भरलेल्या जागांचा तोल या सर्वांचे वर्णन करून झाल्यावर ज्यासाठी हे सारे काढले गेले ती गोष्ट वर्णनाबाहेरच राहते. उलट ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात रा. भा. पाटणकरांनी कलाविषयक संकल्पनाव्यूहाची जी द्विध्रुवात्मक मांडणी केली आहे, तिच्यातील लौकिकतावादी ध्रुवाजवळ चौकाला जागा मिळेल असे प्रथमदर्शनी वाटते. पण लौकिकतावाद कलेला ज्ञान, भावना, नीती यांच्याशी जोडतो तेव्हाही तो एक आस्वादक गृहीत धरतो. कलाकृतीने ज्याला काही कळते, ज्याच्या ठायी काही जागे होते असा कोणी समोर असतो. चौकाला असा आस्वादक लागत नाही. त्याचे संबोधन पालघटेला आहे आणि देवी रसिक नव्हे. सुबक चौक आणि ओबडधोबड चौक यांतील फरक काढणाऱ्या स्त्रियांना कळत नसेल असे मानणे अर्थातच हास्यास्पद ठरेल. तो त्यांना कळतो. फक्त लग्नाच्या सिद्धतेत तो मोजला जात नाही.

अशा या कृतीच्या शेजारी कागद आला तो १९७० च्या दशकाच्या आरंभी. भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने त्यापूर्वी पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने बिहारमधील १९६६-६७ च्या दुष्काळात मिथिलेतील स्त्रियांना भिंतीवरची चित्रे कागदावर काढण्यास प्रवृत्त केले होते. तेच आता डहाणू परिसरात घडले. तेथील गंजाडच्या जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी कागदावर जे केले त्याने वारली चित्र हा शब्द जगभर गेला. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ च्या पॅरिस येथील ‘पृथ्वीचे जादूगार’ या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. (त्या प्रदर्शनाच्या शीर्षकात ‘कलावंत’ हा शब्द टाळला गेला, ही गोष्ट बोलकी आहे. युरोपीय कलावंतही त्याच छपराखाली होते. तरी सर्वांना एकत्र आणणारे नाव शोधताना संयोजकांना जादूकडे जावे लागले.) मशे यांच्या कागदावर पालघट असायलाच हवी असे नाही. पूर्ण कागद व्यापणारे मासे पकडण्याचे जाळे, तारप्याभोवती गोल वळत जाणारा नाच, शेतीची कामे, ऐकलेल्या कथा हे तेथील विषय. आणि ज्याने ते काढले तो पुरुष होता. चौक काढण्याचा अधिकार त्याला कधीच नव्हता.

हा तपशील ऱ्हासवादी आणि उद्धारवादी दोघेही ओलांडून पुढे जातात. वस्तुतः सारा प्रश्न त्यातच आहे. अधिकार नसलेल्या माणसाने चौक काढला असता तर तो चौक असिद्ध ठरला असता. लग्न लागले नसते. मशे यांचे चित्र असिद्ध ठरले नाही, कारण सिद्ध होण्याचा प्रश्नच तेथे उपस्थित होत नव्हता. त्यांनी चौकाची भाषा घेतली, तिचे कृतित्व घेतले नाही. एखाद्या नाटकात नट विवाहाची शपथ घेतो तेव्हा तो विवाहबद्ध होत नाही, तसे हे आहे. ऑस्टिन यांनी रंगभूमीवरचे किंवा कवितेतले असे उच्चार विचारातून बाजूला ठेवले होते. त्यांच्या मते ते मूळ वापरावर पोसलेले, परोपजीवी उच्चार होत. १९७१ मध्ये माँट्रिऑल येथे वाचलेल्या निबंधात झाक देरिदा यांनी नेमक्या याच वगळणुकीवर बोट ठेवले. उच्चार पुन्हा करता येतो, मूळ संदर्भातून उचलून दुसरीकडे नेता येतो, म्हणूनच तो विहित पद्धतीत बसू शकतो. शपथ प्रत्येक लग्नात तीच असते. पहिल्या लग्नातही ती अवतरणच असते. चौकाविषयी हे सहज पटण्यासारखे आहे. प्रत्येक चौक आधीच्या चौकाचे अवतरण आहे, मग तो आधीचा चौक सारवणाखाली गेलेला का असेना.

मराठीत ‘अवतरण’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि दोन्ही येथे लागतात. देवी चौकात अवतरते, आणि चौक कागदावर अवतरण म्हणून येतो. देरिदांचा युक्तिवाद ताणला तर या दोहोंतील सीमा पुसली जाईल. ती तशी पुसू देणे योग्य नाही. अवतरणक्षम असणे हा दोहोंचा समान गुण असला, तरी एका ठिकाणी त्या अवतरणाने दोन माणसे विवाहबद्ध होतात आणि दुसऱ्या ठिकाणी होत नाहीत. तत्त्वज्ञाला हा फरक गौण वाटू शकेल; वधूला वाटणार नाही. कागदावरचे वारली चित्र म्हणजे भ्रष्ट झालेला चौक नव्हे आणि मुक्त झालेला चौकही नव्हे. ते चौकाच्या भाषेतील एक नवे विधान आहे. त्याला रसिक लागतो, त्याच्या बाबतीत सुबकता मोजली जाते, त्याला कर्ता असतो, आणि ते टिकावे अशी अपेक्षा असते.

असे म्हटल्यावर ऱ्हासाची कथा गळून पडते. भिंतीवरचा चौक आजही काढला जाऊ शकतो आणि कागदाने त्याचे काही हिरावून घेतलेले नसते. पण ही कथा आणखी एका कारणाने तपासून पाहावी लागते. ती विधीला निष्पाप मानते. चौकाच्या सिद्धतेच्या अटींत सवाशीणपणाची अट आहे. म्हणजे जिचा नवरा गेला तिचा हातही गेला. काल जो हात सराईतपणे पट्टी भरत होता तो नवऱ्याच्या मृत्यूनंतर अपात्र ठरतो, आणि ही अपात्रता हाताच्या कौशल्याशी कसलाही संबंध नसलेली असते. कागदाला अशी अट नाही. जी मोकळीक पुरुषाला मिळाली तीच तत्त्वतः विधवेलाही मिळाली. देशीवादी भूमिकेतून आदिवासी कलेच्या सामुदायिकतेचा गौरव केला जातो तेव्हा या सामुदायिकतेने कोणाला बाहेर ठेवले होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

अर्थव्यवहाराचेही तसेच. विधी आधी बाजाराबाहेर होता आणि नंतर बाजाराने त्याला गाठले, ही समजूत या प्रदेशाच्या इतिहासाशी जुळत नाही. १९४५ च्या वारल्यांच्या लढ्याची कारणे पाहिली तर वेठीच्या बरोबरीने ‘लग्नगडी’ हा शब्द येतो. लग्नाच्या खर्चासाठी जमीनदाराकडून काढलेल्या कर्जापोटी जो आयुष्यभर, आणि बहुधा बायकोसह, त्याच्या घरी राबत राही तो लग्नगडी. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकाने हा शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचा केला. ज्या लग्नासाठी पालघटेचा चौक काढला जाई तेच लग्न माणसाला गुलाम करी. चौक सिद्ध होई तेव्हा कर्जखतही सिद्ध झालेले असे. देवी आणि सावकार एकाच मांडवात हजर असत. चौकाच्या रेषांत हे कोठे दिसत नाही, आणि दिसावे अशी अपेक्षा करणेही चुकीचे आहे. परंतु कागदामुळे पैशाचा प्रथमच स्पर्श झाला असे म्हणणाऱ्याने या मांडवाकडे पाहिलेले नाही. कागद विकून मिळालेल्या पैशाची लाज वाटावी असे त्यात काही नाही. लग्नगड्याच्या नातवाने आपल्या घरातील रेषा विकून जगावे यात जर काही उणे वाटत असेल, तर ते पाहणाऱ्याच्या अभिरुचीचे उणे आहे.

मग उद्धाराची कथा स्वीकारावी का? येथे अवतरणाची संकल्पना पुन्हा उपयोगी पडते, कारण अवतरणाला एक नीती असते. दुसऱ्याचे शब्द उद्धृत करणारा अवतरणचिन्हे देतो. ती न देता उद्धृत करणे याला चोरी म्हणतात. मशे यांनी चौकाची भाषा घेतली ती तिच्या आतून. ज्या घरांच्या भिंतींवर ती होती, ज्या गीतांत तिचा अर्थ होता, त्यांतलेच ते एक होते. त्यांच्या प्रत्येक चित्रात ते ऋण वाचता येते. तीच भाषा उपाहारगृहाच्या भिंतीवर, साडीच्या काठावर, चहाच्या पेल्यावर, शाळेच्या रंगस्पर्धेत येते तेव्हा अवतरणचिन्हे गळालेली असतात. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून काढले आणि वर एक ठिपका दिला की वारली माणूस झाला, असे मुलांना शिकवले जाते. मुलांचा यात दोष नाही. परंतु ज्या माणसाची ती आकृती आहे तो या देवघेवीत कोठेच नसतो, ना अर्थाच्या बाजूने, ना पैशाच्या.

या ठिकाणी कायदा काय करू शकतो हे पाहण्यासारखे आहे, कारण कायद्याच्या त्रुटी येथे सौंदर्यशास्त्राच्या त्रुटींसारख्याच निघतात. १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा कर्ता मागतो आणि ठरावीक कृती मागतो. जिव्या मशे यांचे एखादे विशिष्ट चित्र कोणी जसेच्या तसे छापले तर त्याला या कायद्याचा आधार आहे. चौकाच्या घाटाला नाही, कारण त्याला कर्ता नाही आणि शैली ही कोणाची मालमत्ता होत नाही. १९९९ चा भौगोलिक मानांकनाचा कायदा कर्ता मागत नाही, तो प्रदेश मागतो. २०१४ मध्ये वारली चित्रांना असे मानांकन मिळाले. या नोंदवहीत आरंभी दार्जिलिंगच्या चहाचे नाव आहे, आणि वर्गीकरणाच्या दृष्टीने दोहोंचा दर्जा एकच: विशिष्ट भूमीतून येणारा विशिष्ट गुणाचा माल. मानांकनाने संरक्षण मिळते ते नावाला. ‘वारली’ हा शब्द न वापरता त्याच रेषा कापडावर छापणाऱ्याला ते अडवू शकत नाही.

यात एक विसंगती दडलेली आहे. कागदावरच्या वारली चित्राची म्हणून जी परंपरा आज सांगितली जाते, तिचा बराच भाग एका माणसाच्या हातून घडला. जाळ्याने भरलेला कागद, नाचाच्या वर्तुळाला मिळालेले मध्यवर्ती स्थान यांची पुनरावृत्ती पुढच्या चित्रकारांनी इतकी केली की ती जुनीच वाटू लागली. म्हणजे व्यक्तीने जे निर्माण केले ते कायद्याने प्रदेशाला दिले. आणि ज्या स्त्रियांनी मूळ भाषा सांभाळली त्यांना व्यक्ती म्हणून त्याने ओळखलेच नाही.

टिकण्याच्या प्रश्नाचा उल्लेख वर ओझरता आला आहे. त्याचे एक उदाहरण मिथिलेतून घ्यावे लागेल. तेथील समाज आदिवासी नाही, पण विवाहाच्या भिंतीवरून कागदाकडे झालेला प्रवास तोच आहे. गंगा देवी (१९२८–१९९१) यांनी दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात एका खोलीच्या भिंतींवर कोहबर रंगवला होता. २०१५ मध्ये संग्रहालयाच्या नूतनीकरणात तो नाहीसा झाला आणि कलाक्षेत्रात मोठा संताप व्यक्त झाला. एखादा वाचक विचारू शकेल, आणि काहींनी खरोखरच विचारावे असा हा प्रश्न आहे, की मिथिलेच्या गावांत असंख्य कोहबर लिंपणाखाली जातात त्याचे दुःख कोणी करीत नाही, मग याचेच का? उत्तर असे की गावातील कोहबर आपले काम पुरे करून जातो; त्याच्या जाण्याने कोणाला दिलेले वचन मोडत नाही. संग्रहालयातील भिंतीने मात्र कोणाचे लग्न लावलेले नव्हते. तिचे सारे प्रयोजन टिकण्यात होते, आणि संग्रहालयाने ती भिंत गंगा देवींच्या नावाने स्वीकारली तेव्हा ती सांभाळण्याचे वचन त्या स्वीकृतीतच अंतर्भूत होते. पुसण्याची क्रिया दोन्हीकडे एकच. एका ठिकाणी ती कृतीची समाप्ती होय, दुसऱ्या ठिकाणी वचनभंग. भंगुरता हा लोककलेचा स्वभावच आहे, असे म्हणून संस्थेची हलगर्जी झाकता येत नाही.

राहतो तो नावाचा प्रश्न. कागदावरच्या चित्राखाली सही आली. एका चित्राला एक कर्ता, ही नागर कलाव्यवहाराची रीत कागदाबरोबरच पाड्यावर पोचली, आणि ज्यांनी एकट्याने चित्रे काढली त्यांच्या बाबतीत ती न्याय्यही आहे. पण सवाशिणींनी मिळून कागदावर चौक काढला तर खाली कोणाचे नाव घालावयाचे? स्वामित्वहक्क कायद्यात संयुक्त कर्तृत्वाची तरतूद आहे; चौघी-पाच जणींची नावे लिहिता येतील. प्रत्येकीचा वाटा दुसरीपासून वेगळा काढता येऊ नये ही त्या तरतुदीतील अट चौकाइतकी चोख क्वचितच कोठे पुरी होत असेल. धवलेरीचे नाव मात्र त्या यादीत येणार नाही. तिचे गीत ध्वनिमुद्रित झाले तर गायिका म्हणून तिला त्याच कायद्यात वेगळ्या कलमाखाली काही हक्क मिळतात, तेही गीतापुरते. चौकाच्या बाजूने पाहता गीत आणि रेषा मिळून एकच कृती होती. कायद्याच्या बाजूने पाहता तिने त्या चित्रात एकही रेषा काढलेली नसते.